गोळीनंतरची चार मिनिटं

कोलकात्यात बेहाला चौरस्त्याजवळ ट्रकचं टायर फुटलं तेव्हा माझ्या हातात पट्ट्याला बांधलेली मोहरी होती. पुढच्या क्षणी नुसता पट्टा होता.

मोहरी म्हणजे आमची कुत्री. वजन साडेतेरा किलो, रंग नावाप्रमाणे, जात रस्त्याची. केळीवाल्याच्या टोपल्यांमधून आणि मेट्रोच्या जिन्याखालून ती अशी सुटली की मला फक्त शेपटीचं टोक दिसत राहिलं. लोक ‘धोरो, धोरो’ म्हणत होते आणि कोणीच धरत नव्हतं. शेवटी एका मिठाईच्या दुकानासमोर, बाकड्यावर बसलेल्या माणसाच्या पायांमध्ये ती घुसली आणि त्याच्या लांबट कॅनव्हासच्या पिशवीमागे अंग चोरून बसली.

माणसाच्या हातात द्रोण होता. त्याने तो उंच धरला, खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, “अगोबाई… केवढं थरथरतंय हे लेकरू.”

मी धापा टाकत उभी राहिले. तीन वर्षांत बेहाल्यात घराबाहेर मी मराठी ऐकलं नव्हतं. ‘अगोबाई’ म्हणणारा पुरुष तर जन्मात पाहिला नव्हता. आणि हा चांगला सत्तावीस-अठ्ठावीसचा होता, दोन दिवसांची दाढी, रुंद खांदे.

“तुम्ही मराठी?” मी विचारलं.

“अर्धा,” तो म्हणाला. “उरलेला अर्धा रसगुल्ला खातोय.”

त्याचं नाव उन्मेष. वडील साताऱ्याचे, आई इथलीच, बंगाली. घरात सगळे बंगाली बोलायचे. मराठी बोलायची ती फक्त आजी. त्यामुळे त्याचं सगळं मराठी आजीचं होतं. ऊन लागलं तर ‘बाई बाई’, कोणी स्तुती केली तर ‘इश्श’. आजी दोन वर्षांपूर्वी गेली, आणि तेव्हापासून हे मराठी कुणावर चालवायचं हा त्याला प्रश्न पडला होता. तो न्यू टाउनला एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायचा आणि दर रविवारी शहराचं दुसरं टोक गाठून इकडे यायचा, कारण बजबजच्या वाटेवर, रेल्वेलाइनपलीकडे त्याचा रायफल क्लब होता. पिशवीत त्याचं नेमबाजीचं जाड जाकीट होतं आणि चटई.

मोहरीने त्याच पिशवीत तोंड खुपसलं होतं. टायर फुटण्याला घाबरलेली माझी कुत्री बारुदाच्या वासात आसरा शोधत होती. मला हसावं की काळजी करावी ते कळेना.

आणि मग मी त्याला सगळं सांगितलं. का, ते मला तेव्हा कळलं नाही. एरवी मी अनोळखी माणसाला वेळसुद्धा विचारत नाही.

आम्ही नागपूरचे. बाबा बँकेत अधिकारी, बदलीने इथे आले. बेहाल्यात नंदी कुटुंबाच्या जुन्या घरात वरचा मजला आम्ही भाड्याने घेतला. खाली अंगण, अंगणापुढे देवीचा दालान, आणि तिथे दीडशे वर्षं चालत आलेली दुर्गापूजा. अष्टमीची शेवटची चोवीस मिनिटं आणि नवमीची पहिली चोवीस, ही अठ्ठेचाळीस मिनिटांची संधीपूजा म्हणजे सगळ्या उत्सवाचा कळस. ती सुरू झाली हे गावाला कळावं म्हणून या घरात बंदूक उडवतात. एक बार सुरुवातीला, एक शेवटी. घरमालकीणबाईंचे धाकटे दीर जुनी दुनळी घेऊन अंगणात उभे राहतात आणि आकाशाकडे नळी करून छर्रा नसलेलं काडतूस उडवतात. दालानाच्या खांबांमध्ये तो आवाज असा घुमतो की भांडी वाजतात.

मागच्या वर्षी मोहरी आमच्याकडे येऊन चारच महिने झाले होते. तिला वर खोलीत बंद केलं होतं. पहिल्या बाराला तिने न्हाणीघराच्या खिडकीची जाळी फाडली, शेडच्या पत्र्यावर उडी मारली आणि गेली. तिसऱ्या दिवशी बजबज लाइनवरच्या एका स्टेशनात, फलाटाखाली सापडली. पंजा फाटलेला. बाबा फलाटावर पालथे झोपून एक तास तिला हाका मारत होते. तिला मांडीवर घेऊन ते घरी आले. नंतर म्हणाले, पुन्हा हे मला झेपणार नाही. यंदाच्या संधीपूजेला ती अंगणात थांबली तर ठीक. नाहीतर दसऱ्यानंतर काटोलला, सुरेशकाकाच्या संत्र्याच्या बागेत. तिथे बंदूक नाही, पूजेचे ढाक-ढोल नाहीत, कोलकाता नाही.

आणि मीही नाही. हे ते बोलले नाहीत.

उन्मेषने रसगुल्ला संपवला, पाक प्यायला. मोहरीकडे बघत म्हणाला, “फोनवर बंदुकीचे आवाज ऐकवून पाहिलेत?”

पाहिले होते. उपयोग नाही. फोनच्या चिमुकल्या स्पीकरमधून खालचे सूर येतच नाहीत, आणि खऱ्या बाराचा जो एका क्षणात चढणारा दाब असतो तो तर नाहीच नाही. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे, ध्वनीवर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेत साहाय्यक आहे. हे मी त्याला जरा जास्तच तपशिलात सांगितलं. तो मान डोलावत राहिला.

“म्हणजे तुम्हाला खरी बंदूक हवी,” तो म्हणाला. “लांबून सुरू करून जवळ जवळ येणारी.”

“हो.”

“आणि मला आठवड्यातून एकदा मराठी बोलायला कोणीतरी हवं.” तो थांबला. “कुत्रीशी बोलेन. तुमच्यावर जबरदस्ती नाही.”

जूनचा शेवटचा रविवार, सरावाचा पहिला. अष्टमीला तेरा आठवडे होते.

क्लबच्या मागे एक लांबलचक तळं होतं. पलीकडच्या काठावर, रेंजपासून चारशे मीटरवर मी आणि मोहरी बसलो. अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो. मी हिशोब करूनच जागा ठरवली होती. उन्मेष आतून ‘सुरू’ असा निरोप पाठवायचा आणि एकेका मिनिटाने पाच गोळ्या झाडायचा. गोळी वाजली की दोन सेकंदांच्या आत मी मोहरीपुढे उकडलेल्या कोंबडीचा तुकडा धरायचा. आधी आवाज, मग खाऊ. उलटं कधीच नाही.

शेवटच्या गोळीनंतर तो बाहेर यायचा. यायला बरोबर चार मिनिटं लागायची. रायफल रिकामी करून परत द्यायची, जाकीट काढायचं, आणि कोपरापर्यंत साबणाने हात धुवायचे, कारण गोळीतल्या शिशाचा अंश हाताला लागतो आणि ते हात मोहरीला लावायचे नाहीत असं त्याने स्वतःच ठरवलं होतं. मग क्लबचं हिरवं फाटक करकरायचं. ओले हात झटकत, तळ्याला वळसा घालून तो यायचा आणि लांबूनच विचारायचा, “काय म्हणतंय बाळ?”

बाळ पहिल्या रविवारी काहीच म्हणालं नाही. गवतात पोट टेकून, डोळे पांढरे करून पडून राहिलं. कोंबडीकडे अकरा मिनिटं पाहिलं नाही.

मी वहीत रकाने आखले होते. तारीख, अंतर, गोळ्या, कान, शेपटी, खायला लागलेला वेळ. शेवटचा रकाना ‘इतर’. आणि एक माझ्यासाठी: नाडी. पट्टा धरणाऱ्या माणसाची भीती पट्ट्यातून कुत्र्यापर्यंत पोचते, असं मी वाचलं होतं; म्हणून मनगटावरच्या घड्याळातले माझे आकडेही मी उतरवून घेत होते.

तिसऱ्या रविवारी मोहरीने पहिला तुकडा खाल्ला. चौथ्या रविवारी आम्ही अडीचशे मीटरवर आलो आणि एकमेकांना ‘तू’ म्हणायला लागलो. आधी कोणी म्हटलं, याची नोंद नाही.

नेमबाजीनंतर आम्ही क्लबबाहेरच्या टपरीवर मातीच्या कपातून चहा प्यायचो. मोहरी दोघांच्या मध्ये. मी त्याचं मराठी दुरुस्त करायला घेतलं, कारण चुकीची नोंद मला तशीच सोडवत नाही.

“पुरुष ‘अगोबाई’ म्हणत नाहीत,” मी एकदा म्हणाले.

“मग दचकल्यावर काय म्हणतात?”

मी विचार केला. बाबा, काका, वर्गातली मुलं. “काही म्हणत नाहीत. दचकल्याचं दाखवत नाहीत.”

“अच्छा.” त्याने कप फिरवला. “मग माझं आजीचंच राहू दे. दचकायची सोय आहे त्यात.”

मी पाहिलं. तो हसत नव्हता. मी चहात बघितलं, मग मोहरीकडे, मग पुन्हा चहात… नक्की कुठे बघायचं असतं अशा वेळी, हे मला ठाऊक नव्हतं.

ऑगस्टमध्ये एकशे वीस मीटर. पाऊस असला तर छत्री मोहरीवर. आम्ही भिजायचो, कारण भिजलेली कुत्री खात नाही आणि भिजलेली माणसं खातात, असं त्याचं म्हणणं. सप्टेंबरच्या सुरुवातीला साठ मीटर. तळ्याच्या कडेला काश गवताचे पांढरे तुरे आले होते. मोहरी आता गोळी वाजली की उभी राहायची, कान पुढे, शेपटी सैल. खायला लागणारा वेळ: दीड सेकंद. माझा आलेख पाठ्यपुस्तकात छापावा असा उतरत होता.

गोंधळ फक्त एका रकान्यात होता. माझी नाडी.

जूनमध्ये ती अठ्ठ्याहत्तरच्या आसपास होती. आता शंभरच्या वर जात होती. मोहरी धीट होत होती आणि मी भित्री. मला काही उलगडेना. बंदुकीची मला भीती वाटत नव्हती. निदान मला तसं वाटत होतं. पण आकडे खोटं कशाला बोलतील? मी रात्री नीट झोपायला लागले, चहा एकाच कपावर आणला. पुढच्या रविवारी एकशे सहा.

प्रयोगशाळेतली माझी मैत्रीण चैत्राली आकड्यांमध्ये माझ्याहून बरी आहे. तिला मी वही दाखवली. तिने गोळ्यांच्या वेळा आणि घड्याळातल्या नोंदी एकमेकींशेजारी मांडल्या, बराच वेळ बघितल्या, आणि मग म्हणाली की गोळी वाजते तेव्हा माझी नाडी जागची हलत नाही. वाढते ती शेवटच्या गोळीनंतर चार मिनिटांनी. त्या वेळी तिथे काय होतं?

“काही नाही,” मी म्हणाले. “उन्मेष हात धुऊन बाहेर येतो.”

चैत्रालीने वही मिटली आणि माझ्या हातात दिली. तिच्या न बोलण्याचा मला फार राग आला.

त्याच्या पुढच्या रविवारी उन्मेषला यायला उशीर झाला. आत दुसरे सभासद सराव करत होते. पहिली गोळी वाजली. मोहरी उठली, कान टवकारले, शेपटी हलवली आणि हिरव्या फाटकाकडे बघायला लागली. माझ्या हातातल्या कोंबडीकडे नाही. फाटकाकडे. थोड्या वेळाने फाटक करकरलं आणि टक्कल असलेले एक जाडगेले गृहस्थ, अविनाशबाबू, रुमालाने मान पुसत बाहेर आले.

मोहरीची शेपटी खाली गेली. ती आडवी झाली. तुकडा खाल्ला नाही.

आणि मी… माझ्याही आत काहीतरी तसंच आडवं झालं.

मी तिथेच गवतात बसून वही मागून पुढे वाचली. ‘इतर’च्या रकान्यात माझ्याच अक्षरात, पाचव्या रविवारपासून, दर वेळी: फाटकाकडे बघते. फाटकाकडे बघते. फाटकाकडे बघते. मी लिहीत होते आणि वाचत नव्हते. मोहरीला मी ‘गोळी म्हणजे खाऊ’ शिकवत होते, आणि ती शिकत होती ‘गोळी म्हणजे उन्मेष येणार’. तिची भीती गेली नव्हती. तिला फक्त वाट बघायला काहीतरी मिळालं होतं. अष्टमीला बार उडाला आणि उन्मेष आला नाही, तर?

एवढं मोहरीबद्दल. माझ्याबद्दलही तेच लिहायचं का, हे मला ठरवता येईना. एखाद्या माणसाने बारा रविवार, ठरल्या वेळी, ओल्या हातांनी तुमच्याकडे चालत यावं. छातीला सवय लागणारच. त्याच्या जागी अविनाशबाबू असते तर? नाही, अविनाशबाबू नकोत. पण प्रश्न बरोबर होता. ही सवय आहे की… दुसरं काही, हे शोधायची पद्धत मला एकच माहीत होती. तो घटक काढून टाकायचा आणि बघायचं.

उन्मेष धावत आला, ट्रेन चुकल्याची कहाणी सांगत. मी त्याला मध्येच थांबवलं आणि म्हणाले की आता त्याने येऊ नये.

मी हे किती वाईट रीतीने सांगितलं ते मला नंतर कळलं. अष्टमीला नऊ दिवस आहेत, मी म्हणाले. तू असलास की निष्कर्ष बिघडतो. तोवर भेट नको, फोन नको, निरोपही नको. अष्टमीच्या संध्याकाळीसुद्धा घरापासून किमान दोनशे मीटर लांब. संधीपूजा सहा बावीसला सुरू, सात दहाला संपेल. त्यानंतर बघू.

त्याने मोहरीच्या डोक्याकडे नेलेला हात मागे घेतला.

“म्हणजे मी बिघाड,” तो म्हणाला.

“बिघाड नाही. घटक.”

“बरं.” त्याने पिशवी खांद्यावर घेतली. जाताना दोनदा वळून पाहिलं. एकदा मोहरीकडे, एकदा कुणाकडे ते मला नीट कळलं नाही.

नऊ दिवस मी दर संध्याकाळी नाडी मोजली.

अष्टमीला सकाळपासून घरात फुलांचा आणि धुपाचा वास होता. आईने बजावलं की आज कोंबडी शिजणार नाही. प्रयोग गेला खड्ड्यात. मग पनीर. साडेपाचला मी वर स्वयंपाकघरात पनीरचे एक सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे करत होते. अजून पन्नास मिनिटं होती. मोहरी खाली अंगणात बाबांजवळ होती, गर्दीची सवय व्हावी म्हणून. सगळं वेळापत्रकाप्रमाणे चाललं होतं. सहा बावीसची वेळ मी स्वतः काढली होती: दारामागच्या मराठी कॅलेंडरात अष्टमी सहा सेहेचाळीसला संपत होती. वजा चोवीस.

पाच बेचाळीसला बार उडाला.

ओट्यावरची पातेली वाजली. सुरी माझ्या हातातून सुटली. एकवीस पायऱ्या मी कशा उतरले ते आठवत नाही. खाली चार ढाकी एकदम ढाक बडवायला लागले होते, बायका शंख फुंकत होत्या, आणि या सगळ्याच्या मधोमध बाबा उभे होते. त्यांच्या हातात नुसता पट्टा होता.

“गेली,” ते म्हणाले.

जाळी, पत्रा, फलाट. आणि काटोल.

“पण शर्वरी…” बाबा पट्ट्याकडे बघत होते, गणित चुकल्यासारखे. “ती पळाली नाही गं. बार उडाला तशी उठली. फाटकाकडे बघितलं. शेपटी हलवली. मग माझ्याकडे असं बघितलं, की मी का बसलोय. मी धरून ठेवली, तर मान काढून घेतली पट्ट्यातून… आणि चालत गेली. पाहुणा आलाय म्हणून दार उघडायला जावं तशी.”

मी गल्लीत पळाले. मांडवाच्या बांबूंमधून, नवीन कपड्यांतल्या गर्दीतून, इस्त्रीच्या दुकानापुढून. गल्ली जिथे मोठ्या रस्त्याला मिळते तिथे चहाची टपरी आहे.

मोहरी टपरीपुढे बसली होती. ताठ, शेपटीने रस्ता झाडत. तिच्यासमोर पांढऱ्या कुर्त्यात उन्मेष उभा होता, दोन्ही हात डोक्याच्या वर धरून, पोलिसांनी पकडल्यासारखा.

“मी हात लावलेला नाही,” तो घाईघाईने म्हणाला. “काही खायला दिलं नाही. काय म्हणतंय बाळ, हेसुद्धा विचारलं नाही. दोनशे दहा मीटर आहे इथून. मोजलंय.”

“तू आत्ता इथे काय करतोयस? मी सहा बावीस सांगितलं होतं.”

“तू पंचांग कुठलं पाहिलंस?”

“घरातलं.”

“आणि बंदूक कुणाच्या घरातली?”

नंदींच्या घरात दीडशे वर्षं त्यांचं स्वतःचं बंगाली पंचांग चालतं. देवीच्या वेळा त्यातल्या. ते मला तीन वर्षांत एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं. मी दशांशाच्या तिसऱ्या स्थळापर्यंत अंतर मोजलं आणि वेळ आईच्या कॅलेंडरातून घेतली.

“मला ऐकल्याबरोबर वाटलंच होतं,” उन्मेष म्हणाला. “तुमच्या ढाकीला विचारून घेतलं.”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“तू म्हणालीस, निरोपही नको.”

म्हणाले होते. माझ्या मनगटावरचं घड्याळ थरथरलं. त्याच्या मते मी व्यायाम करत होते. एकशे एकतीस.

“जिना उतरलीस, पळत आलीस,” तो घड्याळाकडे पाहत समजुतीने म्हणाला. “होणारच.”

“हो. तोही घटक आहे.” मी श्वास घेतला. ढाकांचा आवाज इथवर येत होता. “उन्मेष, मला एक सांगायचंय आणि मला ते अजून नीट कळलेलं नाही. माझी नाडी गोळीला वाढत नाही. गोळीनंतर चार मिनिटांनी वाढते. तू हात धुऊन येतोस तेव्हा.”

त्याचे हात अजून वरच होते. ते हळूहळू खाली आले.

“मला वाटलं सवय असेल,” मी म्हणाले. “मोहरीसारखी. म्हणून तुला लांब राहा म्हटलं. सवय असेल तर… तू नसलास की उतरेल. रोज थोडी.”

“आणि?”

“नऊ दिवस मोजली.”

“आणि, शर्वरी?”

“उतरली नाही. तू कुठेच नव्हतास, गोळ्या नव्हत्या, फाटक नव्हतं. तरी…” मला पुढचा शब्द सापडेना. माझ्याकडे त्यासाठी रकाना नव्हता. “सवय अशी वागत नाही.”

तो अगदी हळू, स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, “अगोबाई.”

दचकायची सोय. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. यातलं आधी कुठलं आलं, तेही कळलं नाही.

“मला वाटलं होतं तुला नकोय मी,” तो म्हणाला. “तरी आलो. म्हटलं, मोहरी सुटली तर ती याच रस्त्याने जाईल. कोणीतरी तोंडाशी उभं असावं.”

मोहरीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि जांभई दिली.

आम्ही परत निघालो. पट्टा बाबांकडे होता, पण तिला तो लागला नाही. ती आमच्या दोघांच्या मधून चालत होती, टपरीवर चालायची तशी.

बाबा फाटकात उभे होते. त्यांनी आधी वाकून मोहरीचे चारही पंजे तपासले. मग उठून उभे राहिले आणि उन्मेषकडे बघितलं.

“हे कोण?”

मी मोहरीच्या मानेवर हात ठेवला.

“वहीतलं ‘इतर’ का?” बाबांनी विचारलं. “वाचली मी वही. मला वाटलं क्लबच्या फाटकातच काहीतरी विशेष असेल.”

उन्मेषने वाकून नमस्कार केला. बाबा विरघळले नाहीत. अट अंगणाची होती, ते म्हणाले, आणि ती अंगणाबाहेर गेली. चालत गेली हे मान्य. पण उद्या तिच्यामागे चालत जाणार कोण? मी म्हणाले, सुरुवातीच्या वेळी मी जवळ नव्हते, खाऊ नव्हता, वेळ चुकली ती माझी. शेवटचा बार साडेसहाला आहे, तो धरा. बाबांनी घड्याळ पाहिलं. बरं, म्हणाले. पण हा माणूस अंगणात असेल तर तो प्रयोग कसला? दर अष्टमीला याला कुठून आणायचं?

“न्यू टाउनहून,” उन्मेष म्हणाला. “दोन तास लागतात.” मग त्याच्या बोलण्याचा अर्थ त्यालाच उमगला असावा; कानांपर्यंत लाल झाला. “म्हणजे… मी येईन. दर अष्टमीला.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मोहरीकडे पाहिलं.

दालानात एकशे आठ पणत्या लागल्या होत्या. सहा अठ्ठावीसला मी खांबापाशी बसले, मुठीत पनीर. मोहरी समोर, मोकळी. उन्मेष माझ्या मागे, तिला दिसणार नाही असा; ते मीच सांगितलं होतं. बाबा पलीकडे, पट्टा दोन्ही हातांत घट्ट धरून. जुनी दुनळी वर गेली. मला एकदम आठवलं की बाबा फलाटावर पालथे झोपले होते तेव्हा त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे दिला होता. मी श्वास धरला.

बार उडाला.

मोहरी उठली. कान पुढे. तिने फाटकाकडे पाहिलं. फाटकात कोणी नव्हतं. एक सेकंद. दोन. पुढचा पंजा तिने उचलला… मी काही बोलले नाही, मूठ पुढे केली नाही, नुसती उघडली. तिने पंजा खाली ठेवला. वळली. माझ्या तळहातावरचा तुकडा खाल्ला, मग दुसरा, आणि माझ्या पायावर बूड टेकून ढाकींकडे बघत बसली.

बाबांनी चष्मा पुसला. खिशातून फोन काढून, ढाकांच्या वर आवाज चढवून ते बोलले, “सुरेश, तू संत्रीच पाठव रे. कुत्री येत नाहीये.”

माझ्या खांद्याशी कोणीतरी वाकलं. साबणाचा वास आला. त्याने आज बंदूक हातातही घेतली नव्हती, तरी हात धुऊन आला होता.

“काय म्हणतंय बाळ?” उन्मेषने विचारलं.

मोहरी काही म्हणाली नाही, तिचं तोंड भरलेलं होतं. मी घड्याळ काढून खिशात टाकलं. त्या संध्याकाळची नाडी वहीत नाही. ‘इतर’च्या रकान्यातसुद्धा नाही. गोळी वाजून चार मिनिटं झाली असतील की नसतील. मी फाटकाकडे पाहिलं नाही.